औरंगजेब रोडचा कलाम रोड: यात मान नक्की कोणाचा झाला?

खडूस_पेठकर: दिल्लीत रिक्षावाल्याला अब्दुल कलाम रोड म्हटलं तर कळेना, औरंगजेब रोड म्हटल्यावर लगेच "बैठिए". कलाम गेले 27 जुलै 2015 ला आणि महिनाभरात पाटी बदलायचं ठरलं पण. मला तरी वाटतं औरंगजेब काढायचा होता म्हणून कलाम सापडले, कारण 10 राजाजी मार्गचं त्यांचं घर, जिथे ते राष्ट्रपतीपदानंतर राहत होते, ते स्मारक करा म्हणून लोक सांगत होते तर ते गेलं एका मंत्र्याला!

बिनसाखरेचा: अहो, आपण मराठी माणसांनी औरंगजेबाच्या पाटीसाठी गळा काढायचा म्हणजे कमाल आहे. आणि पुसायचंच होतं तर बाजूची औरंगजेब लेन 2023 पर्यंत कशी राहिली?

खडूस_पेठकर: विसरले असतील 😄 गळा नाही काढत हो. ओडिशातल्या व्हीलर बेटाला त्यांचं नाव दिलं ते पटलं, क्षेपणास्त्रांच्या चाचण्या तिथेच होतात. या रस्त्याशी त्यांचा काय संबंध?

वकील_नाही: पाट्यांचं जाऊ द्या, राष्ट्रपती म्हणून काय केलं ते कोणीच बोलत नाही. मे 2005 ला बिहार विधानसभा बरखास्त करायचा कागद रातोरात मॉस्कोला गेला, कलाम तेव्हा तिथे दौऱ्यावर होते, आणि त्यांनी तिथेच सही केली, पुढे सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं. शिवाय फाशीच्या कैद्यांचे दयेचे अर्ज, पाच वर्षांत निकाली काढले फक्त दोन, बाकी तसेच पडून.

बिनसाखरेचा: आणि 2006 ला लाभाच्या पदाचं बिल, म्हणजे दुसरं सरकारी पद असलं तरी खासदारकी वाचवणारं, परत पाठवलं ते? सोनियांपासून सगळ्यांच्या खुर्च्यांचा प्रश्न होता, तरी पाठवलं. संसदेने पुन्हा तसंच मंजूर केलं की सही करावीच लागते, त्यात त्यांचा काय दोष.

वकील_नाही: तेच म्हणतोय, एकदा परत पाठवायची सोय बिहारच्या वेळीही होती की! सकाळपर्यंत तरी थांबायचं.

शाळेतली_बाई: आमच्याकडे 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, दरवर्षी तीच भाषणं, पेपर टाकणारा मुलगा, मग मिसाईल मॅन, मग थेट शिलाँगला निधन. राष्ट्रपतीपदाची पाच वर्षं एका वाक्यात संपतात. यंदा एखाद्या पोराला बिहारचं घालायला सांगू का?

खडूस_पेठकर: सांगा बाई, पण हेडसरांना आधी विचारा 😂