अनुभव धागा : ट्विटर-फेसबुकवरून बिऱ्हाड हलवताना

गोदाकाठ
माळा आवरताना जुनी हार्ड डिस्क सापडली. आत गूगल प्लसचं टेकआउट (आपल्या सगळ्या डेटाची प्रत), २ एप्रिल २०१९ ला ते बंद झालं त्याआधी उतरवलेलं. पोस्टी सगळ्या शाबूत, पण ज्यांच्याशी तिथे वाद रंगायचे त्यांना आज गाठायचं कुठे, हे एकाही फाइलीत नाही. ऑर्कुटचं ३० सप्टेंबर २०१४ ला तेच, कू या देशी ॲपचं जुलै २०२४ मध्ये तेच. आता नाशिकच्या दोन-तीन ग्रुपांत परत 'इथून निघू या' सुरू झालंय, म्हणून धागा काढला. तक्रारी नकोत, त्या रोज वाचतोच. काय बांधून न्यायचं, कुठल्या क्रमाने, कुठे फसतं ते लिहा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
घाईत लिहितोय. मास्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरांचं जाळं. त्याच्या एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना क्रम चुकवू नका. आधी नव्या खात्यात जाऊन 'अलायस' (दुसरं नाव) म्हणून जुन्या खात्याचा पूर्ण पत्ता टाकायचा, मग जुन्या खात्यातून 'मूव्ह'. अलायस नसेल तर मूव्ह होतच नाही. फॉलोअर आपोआप सरकतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता ते सरकत नाहीत, त्यांची सीएसव्ही फाइल (साधा तक्ता) जुन्याकडून काढून नव्याकडे चढवायची. ब्लॉक, म्यूट, बुकमार्क यांच्या फाइली वेगळ्या. पोस्टी जुन्याच घरी राहतात. एकदा मूव्ह केलं की ३० दिवस पुन्हा नाही. आणि हे सगळं जुना सर्व्हर जिवंत आहे तोवरच. म्हणून सीएसव्ही महिन्याला एकदा उतरवा, किराणा भरतो तसं.

मिसळ_विथ_पापड
किराणा 😄 सातपूरकर, शिफ्ट संपली की लिहा, मशीनवर उभं राहून नको.

इंदिरानगर_आजी
फेसबुकचा डेटा मागवला तर मराठीचा पार चिवडा आलाय. एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हं. फाइल खराब आली का?

कॉलेजरोड_कोडर
आजी, फाइल चांगली आहे, खोट त्यांच्या जेसनमध्ये (डेटा लिहायचा एक फॉरमॅट). देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाइटचं असतं. त्यांनी प्रत्येक बाइट सुटा अक्षर समजून लिहिलाय, म्हणून तीन चिन्हं. नुसतं वाचायचं असेल तर पुन्हा मागवा आणि फॉरमॅटमध्ये 'एचटीएमएल' निवडा. जेसनच हवं असेल तर पायथनमध्ये आधी फाइल उघडून जेसन वाचून घ्या, मग प्रत्येक मजकूर 'लॅटिन-१' ने एन्कोड करून लगेच 'यूटीएफ-८' ने डीकोड. अख्ख्या फाइलीवर एकदम चालवलं तर काही होत नाही, इथेच सगळे अडतात.
मागवताना तारखांत 'ऑल टाइम' आणि फोटोंची क्वालिटी 'हाय' आहे ना ते बघा. फाइल तयार झाली की चार दिवसांत उतरवायची, नंतर लिंक जाते.

इंदिरानगर_आजी
एचटीएमएल मागवते. पायथन नातवाला सांगते. सुखी राहा रे बाळा.

पंचवटी_एक्सप्रेस
मराठीत लिहिणाऱ्यांना एक फायदा कुणी सांगत नाही. ट्विटर काना-मात्रा वेगळी मोजतं. 'नाशिक' म्हणजे न, काना, श, वेलांटी, क : पाच. मास्टोडॉन आणि ब्लूस्काय (ट्विटरसारखंच दुसरं ॲप) दिसणारं अक्षर मोजतात : ना, शि, क, म्हणजे तीन. त्यामुळे ब्लूस्कायची ३०० आणि मास्टोडॉनची ५०० मर्यादा मराठीत दिसते त्याहून बरीच ऐसपैस आहे.
तोटाही आहे. मास्टोडॉनमध्ये प्रत्येक पोस्टीवर भाषेचं लेबल असतं. फोन इंग्रजीत असेल तर तुमच्या मराठी पोस्टीवर 'इंग्रजी' शिक्का बसतो आणि फक्त मराठी गाळून वाचणाऱ्याला ती दिसतच नाही. सेटिंगमध्ये पोस्टिंगची भाषा मराठी करून टाका, मगच पहिली पोस्ट.

तपोवन
हॅशटॅग #नाशिक वापरायचा की #नासिक? दोन्ही वेगळे धरले जातात.

मिसळ_विथ_पापड
झालं सुरू. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून 'नासिक', आता कुणीतरी नऊ टेकड्यांवरून नाव पडल्याचं काढेल.

तपोवन
नऊ टेकड्याच बरोबर आहेत 🙏 पण प्रश्न खरा आहे. २०२७ च्या सिंहस्थाची माहिती कुठल्या टॅगखाली टाकायची?

पंचवटी_एक्सप्रेस
दोन्ही टाका, रोमनमधला तिसरा. तिन्ही फॉलो करून ठेवता येतात, मग होम टाइमलाइनवरच येतात. नवख्याची टाइमलाइन कोरडी पडते त्यावर हाच उतारा. वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातून केवढी लाट मास्टोडॉनवर गेली होती. बरेच जण परत फिरले, माझ्या मते कोरड्या टाइमलाइनला कंटाळून. तिथे अल्गोरिदम वाढून देत नाही, आपलं ताट आपणच वाढायचं.

अंबड_एमआयडीसी
सोसायटीचा ग्रुप सिग्नलवर नेला, आम्ही विकेंद्रित झालो. सोपं काम.

कॉलेजरोड_कोडर
सिग्नल एनक्रिप्टेड (मेसेज कुलूपबंद) आहे, चांगलं आहे, पण विकेंद्रित नाही हो. सर्व्हर एकाच संस्थेचे. विकेंद्रित हवं तर मॅट्रिक्स (कुणीही स्वतःचा सर्व्हर टाकू शकेल असं मेसेजचं जाळं), त्याचं ॲप एलिमेंट. तिथे पहिल्याच दिवशी 'रिकव्हरी की' मिळते ती कागदावर लिहून कपाटात ठेवा. ती नसेल आणि जुना फोन गेला, तर नव्या फोनवर जुने मेसेज 'डिक्रिप्ट होत नाही' एवढंच दाखवतात, आणि सर्व्हर चालवणाराही काही करू शकत नाही. सोसायटीत चाळीस घरं असतील तर वीस जणांची की हरवणार हे धरूनच चाला. महत्त्वाच्या सूचना बोर्डावर लावा, खडू-फळ्यावर.

अंबड_एमआयडीसी
खडू-फळा एनक्रिप्टेड आहे का 😂

गृहिणी_नाशिकरोड
कुकरच्या दोन शिट्ट्यांत सांगते. मास्टोडॉनच्या खासगी मेसेजमध्ये तिसऱ्याचं नाव 'ॲट' लावून लिहू नका. त्याला तो मेसेज जातो! 'त्या अमुकला काही कळत नाही' असं लिहिलं की अमुकला कळतं. शिवाय ते मेसेज सर्व्हरचा ॲडमिन वाचू शकतो, तिथे एनक्रिप्शन नाही. आधार, ओटीपी, बँक काही टाकू नका. तिसरी शिट्टी झाली.

द्राक्षबाग_पिंपळगाव
स्वतःचा मास्टोडॉन सर्व्हर घरी टाकावा म्हणतो. जुना पीसी आहे, फायबर आहे. बागायतदारांचे तीसेक जण.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
भाऊ, तीन अडचणी. एक, घरच्या कनेक्शनला बहुतेकदा सीजीनॅट असतं, म्हणजे बाहेरून तुमच्यापर्यंत रस्ताच नाही. राउटरमधला वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १०० ने सुरू होत असेल (१००.६४ ते १००.१२७) तर समजा तेच. स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) विकत घ्या नाहीतर भाड्याचा व्हीपीएस (दुसरीकडे ठेवलेला सर्व्हर). दोन, लोडशेडिंग. सर्व्हर थोडा वेळ बंद असला तर बाकीचे पुन्हा पुन्हा पोस्ट द्यायचा प्रयत्न करतात, पण सात वेगवेगळ्या दिवशी फसलं की मास्टोडॉन सर्व्हर तुम्हाला मेलेला धरतात. तीन, मेल. पोर्ट २५ (मेल पाठवायचा रस्ता) बहुतेक ठिकाणी बंद, त्यामुळे खातं पक्कं करायचा मेल जातच नाही. बाहेरची मेल सेवा जोडा.
आणि डिस्क. तुमचे फोटो थोडे, पण बाहेरून आलेल्यांच्या फोटोंची प्रत तुमच्याकडे साठत राहते. मास्टोडॉनमध्ये 'टूटसीटीएल मीडिया रिमूव्ह' ही सात दिवसांहून जुन्या प्रती काढणारी कमांड रोज रात्री क्रॉनला (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्रामला) लावा. डिस्क भरली की पोस्टग्रेस (डेटाबेस) थांबतं, मग सगळंच थांबतं.

कॉलेजरोड_कोडर
तीस जणांना मास्टोडॉन जड. रेडिस, साइडकिक, पोस्टग्रेस असे जोडीचे प्रोग्राम सगळे सांभाळा. गोटूसोशल बघा, मास्टोडॉनशी बोलणारं हलकं सॉफ्टवेअर, एक जीबी रॅमच्या मशीनवर चालतं, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवरही. मात्र पोस्टी लिहायला स्वतःचं पान नाही, टस्कीसारखं ॲप लागतं.

द्राक्षबाग_पिंपळगाव
डोमेन कुठलं घेऊ? फुकटातलं चालेल?

पंचवटी_एक्सप्रेस
नको! डोमेन हाच तुमचा सातबारा. सर्व्हर सुरू झाल्यावर नाव बदलता येत नाही, बदललं की फॉलोअर तुटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्वीअर डॉट एएफ हा मास्टोडॉन सर्व्हर असाच गेला, एएफ हा अफगाणिस्तानचा कोड, तिथल्या सरकारने डोमेनच बंद केलं. डॉट इन घ्या, जमेल तितक्या वर्षांचे पैसे एकदम भरा आणि नूतनीकरणाचा मेल छाटणीच्या गडबडीत हरवणार नाही अशा पत्त्यावर ठेवा.
तेच डोमेन ब्लूस्कायला नाव म्हणूनही लावता येतं. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) टीएक्सटी प्रकारची नोंद, नाव 'अंडरस्कोअर एटीप्रोटो', 'व्हॅल्यू'च्या रकान्यात ॲप दाखवेल ती 'did=' ने सुरू होणारी ओळ.

द्राक्षबाग_पिंपळगाव
लावलं. 'व्हेरिफाय' होत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस
नावाच्या रकान्यात पूर्ण डोमेन टाकलं का? बहुतेक पॅनेल ते स्वतःच जोडतात, मग दोनदा होतं. फक्त अंडरस्कोअर एटीप्रोटो ठेवा.

द्राक्षबाग_पिंपळगाव
दोनदाच झालं होतं. झालं आता. पाऊस येतोय, मोटर बंद करून येतो, मग गोटूचं विचारतो.