जिंकणारा फुटबॉल संघ छोट्या महाविद्यालयाला तारतो का?

धागालेखिका: क्लीव्हलँडकर

परवा येथे एका सदस्यांनी लिहिले की, ओहायोतल्या अलायन्स गावच्या माउंट युनियन या शिक्षणसंस्थेला अमेरिकन फुटबॉलने नाव मिळवून दिले, म्हणून प्रत्येक छोट्या महाविद्यालयाने आधी संघ उभारावा आणि इमारतींचे नंतर पाहावे. हे वाचून मी फार अस्वस्थ झाले. माउंट युनियनचे यश मला मान्य आहे. लॅरी केहरेस 1986 ते 2012 अशी 27 वर्षे मुख्य प्रशिक्षक होते. 332 विजय, अवघे 24 पराभव आणि 11 राष्ट्रीय विजेतेपदे ही त्यांची कामगिरी आहे. पुढे त्यांच्या मुलाच्या हाताखाली संघाने आणखी दोन विजेतेपदे मिळविली. परंतु अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या तिसऱ्या विभागात, म्हणजे माउंट युनियनसारख्या संस्था जेथे खेळतात त्या गटात, फुटबॉल खेळणारी सुमारे 240 महाविद्यालये आहेत, आणि 2005 ते 2014 या दहा वर्षांत नऊ वेळा अंतिम सामना माउंट युनियन आणि विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर याच दोघांत झाला. उरलेल्यांनी मैदान, प्रशिक्षक आणि प्रवास यांवर केलेल्या खर्चाचे काय? शिवाय जेथे जेमतेम दीड हजार विद्यार्थी असतात, तेथे शंभर खेळाडू म्हणजे वर्गाची, वसतिगृहाची आणि शनिवारची घडीच बदलते. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर या छोट्या महाविद्यालयाने 2000 साली संघ बंद केला तो याच विचाराने: इतक्या छोट्या संस्थेत प्रवेशाच्या किती जागा एका खेळाला द्याव्यात?

संघपालक

बाई, आपण स्वार्थमोरचे उदाहरण देता, पण त्या संस्थेची गंगाजळी आणि तिच्या दारात अर्ज घेऊन उभे राहणारे विद्यार्थी विसरता. मध्य-पश्चिमेतल्या लहान गावातल्या महाविद्यालयाला विद्यार्थीच मिळत नाहीत, हा तेथला खरा प्रश्न आहे. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. म्हणजे संघातला मुलगा शुल्क भरतो, वसतिगृहाचे भाडे भरतो आणि खानावळीत जेवतो. संघ नसता तर माझा धाकटा त्या गावाचे नावही ऐकता ना. तो तेथे गेला, दुसऱ्या वर्षी गुडघा दुखावल्याने खेळ सुटला, तरीही त्याने तेथूनच लेखाशास्त्राची पदवी घेतली. त्याच्या प्रशिक्षकांनी चाचणी परीक्षांच्या तारखा त्याच्यापेक्षा जास्त काळजीने लक्षात ठेवल्या. त्या माणसांविषयी आपण खर्चाचा तक्ता मांडावा, याचे मला मनापासून दुःख झाले.

डेटनची आई

शुल्क भरतो म्हणता, पण किती? छापील शुल्क कोणीच भरत नाही. माझ्या मुलीला उत्तम गुण असूनही एका महाविद्यालयाने दिलेली सवलत तिच्याच वर्गातल्या एका खेळाडू मुलाहून बरीच कमी होती. त्याचे गुण तिच्याहून कमी होते, हे आम्हा दोन्ही घरांना ठाऊक आहे. ‘गुणवत्ता’ या नावाखाली खेळाचेच पैसे दिले जातात, असे मला वाटते.

संघपालक

हा आरोप गंभीर आहे. सवलत देताना खेळातले कौशल्य विचारात घेण्यास तिसऱ्या विभागात मनाई आहे, आणि खेळाडूंना मिळालेले साहाय्य इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत कसे आहे, हे महाविद्यालयांना दरवर्षी कळवावे लागते. त्या मुलाच्या घरचे उत्पन्न आपल्याला ठाऊक आहे का? गरजेनुसारही साहाय्य मिळते. माझ्या मुलाने परक्याच्या हक्काचे पैसे घेतले, असे आपण सुचवीत असाल तर स्पष्ट लिहावे.

डेटनची आई

आपल्या मुलाविषयी मी एक अक्षरही लिहिलेले नाही. ते ओढून आणू नये. नियम असणे आणि तो पाळला जाणे यांत अंतर असते, हे आपण दोघेही भारतात शिकून आलो असल्याने मी वेगळे सांगायला नको.

क्लीव्हलँडकर

शुल्काच्या प्रश्नाने धागा व्यापला आहे, तरी तो विषयाबाहेरचा नाही. सवलत जितकी मोठी, तितका प्रत्येक खेळाडूमागे महाविद्यालयाच्या हाती उरणारा पैसा कमी. मग संघामुळे विद्यार्थी वाढले तरी तिजोरी भरतेच असे नाही. संघपालक, गावात मुले येतात हा आपला मुद्दा मी मान्य करते, अनिच्छेने का होईना. पण ती जिंकण्यामुळे येतात की केवळ खेळायला मिळते म्हणून? आपल्या मुलाचा संघ जिंकणारा होता का?

संघपालक

नव्हता. त्याच्या पहिल्या वर्षी संघाने दोनच सामने जिंकले. हे आपल्या बाजूने जाते, हे मला कळते. तरीही तो तेथे खेळण्यासाठीच गेला होता, एवढे मी सोडणार नाही.

डेटनची आई

खेळाडूंच्या साहाय्याचा तपशील दरवर्षी कळवावा लागतो, हे मला ठाऊक नव्हते, ते मान्य. मुलीच्या सवलतीच्या पत्रावर मी अजून सही केलेली नाही. उद्या साहाय्य कार्यालयाला दूरध्वनी करून तिची रक्कम कोणत्या निकषांवर ठरली, हे लेखी मागणार आहे.