'अब्बा' म्हणजे पप्पा का?

कडकभाकरी: रविवारी उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, 'अब्बा' हा अरामी भाषेतला बोबडा शब्द, आपल्या 'पप्पा'सारखा. तान्हं लेकरू बापाला हाक मारतं तशी देवाला मारा. ऐकायला गोड वाटलं. पण मराठी बायबलात तर 'अब्बा, बापा' आहे. आमच्या घरी दोन वर्षांचं पोर आहे. त्याची आई अक्कलकोटकडची, माहेर कानडी, म्हणून मला तो 'अप्पा' म्हणतो. शेजारच्या घरातून 'अब्बा' ऐकू येतं, शहराच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत गेलं की 'नायना'. अब्बा आणि अप्पा एकच का? आणि 'बापा' एवढं राठ का लागतं कानाला?

जुनीपोथी: अब्बा-अप्पा सख्खे नव्हेत. शेजाऱ्यांचा उर्दू 'अब्बा' अरबी 'अब'च्या गोतातला, आणि अरबी-अरामी एकाच भाषाकुळातल्या. कानडी 'अप्पा' द्राविडी. सारखेपणा येतो तो पोरांच्या ओठांमुळे. प, ब, म ही अक्षरं दात नसतानाही जमतात, म्हणून जगभर आईबाप त्यांच्याच वाट्याला आलेत.

'पप्पा'चं म्हणाल तर ते अर्धवट आहे. योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकामुळे ही कल्पना पसरली, आणि पुढे त्यांनीच ती भाबडी म्हणून सोडून दिली. बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी 1988 साली सविस्तर लिहिलं : मोठी माणसंही बापाला 'अब्बा'च म्हणत. शिवाय ग्रीकमध्ये लाडाचा 'पाप्पास' होता की! तरी ग्रीकमध्ये लिहिलेल्या नव्या करारात हा शब्द तीनदा येतो (मार्क 14:36, रोमकरांस 8:15, गलतीकरांस 4:6) आणि तिन्ही ठिकाणी पुढे साधा, भारदस्त 'पातेर', म्हणजे बाप, आहे. म्हणून मराठीत 'बापा' आला तो बरोबरच.

शेंगाचटणी: 'बाप' राठ नाही हो, आपण केला. ज्ञानेश्वरांच्या अभंगांत 'बापरखुमादेवीवरु' अशी मुद्रा आहे, तिथं कुणाला खटकतं? 'तुझा बाप' भांडणात गेला आणि बिघडला. मला तर 'बाबा' जवळचा वाटतो. तो बापालाही चालतो आणि हट्टाला पेटलेल्या पोरालाही : 'खा रे बाबा एक घास'.

कडकभाकरी: म्हणजे बोबडा नाही, घरातला. मग मला एक गोष्ट उलगडली. दीड वर्षाच्या बूस्टरला पोराला मी मांडीवर घट्ट धरलं होतं. हात मीच दाबलेले, पाय मीच. सुई टोचली आणि तो 'अप्पाऽऽ' करून माझ्याच गळ्यात पडला. नर्सबाईपासून सोडवायला त्यानं मलाच बोलावलं, आणि धरून ठेवणाराही मीच. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आता मार्क 14 काढून बघितलं. गेथशेमाने बागेत येशू 'अब्बा' म्हणतो ते लाडात नाही. हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख, दूर कर म्हणतो, आणि प्याला दूर होत नाही. तरी हाक त्यालाच. 'पप्पा' म्हटलं की हे सगळं निसटतं. विश्वास म्हणजे मागितलेलं मिळेल अशी खात्री, असं मी धरून चाललो होतो.

जुनीपोथी: हे शब्दकोशात नसतं बरं. पण प्रसंग नीट वाचलात.

मावशी_सोलापूर: लेकरा, मला ग्रीक येत नाही, पण 131 वं स्तोत्र पाठ आहे. तीनच ओव्या. त्यात माझा जीव आईजवळच्या दूध तुटलेल्या बाळासारखा शांत आहे, असं येतं. लोक चित्र काढतात ते अंगावर पिणाऱ्या तान्ह्याचं. ते चूक. पिणारं बाळ आईजवळ गेलं की हुंगत राहतं, ओढतं. दूध तुटलेलं नुसतं टेकून बसतं.

जुनीपोथी: मावशी, अगदी. मूळ हिब्रू शब्द 'गामूल', म्हणजे अंगावरून तोडलेलं. त्या काळी दूध उशिरा तुटे. मक्काब्यांच्या दुसऱ्या पुस्तकात, म्हणजे एका जुन्या यहुदी ग्रंथात, एक आई तीन वर्षं पाजल्याचं सांगते. म्हणजे स्तोत्रातलं बाळ चालतं-बोलतं, 'माझं माझं' करणारं.

शेंगाचटणी: आणि 'तुटलेलं' हा शब्द काय नेमका! 'सोडलेलं' म्हटलं तर बाळानं आपणहून सोडलं असं होईल. कोणतं बाळ सोडतंय? तोडतात ते, रडारड होते, चार रात्री घरात कुणाला झोप नाही. मग ते शांत होतं. मला वाटतं 'शांत'च्या आधीच्या त्या चार रात्री 'तुटलेलं'मध्येच आल्या.

मावशी_सोलापूर: चार कुठल्या, माझ्या थोरल्याच्या वेळी बारा. कोरफड लावली होती.

कडकभाकरी: आमच्याकडे तोच कार्यक्रम चालू आहे मावशी. कोरफड लावून आठवडा झाला. काल तोंड वाकडं केलं, पुसलं, आणि परत मागायला लागला बे.