रूट की पॅरेंट? शंकरपटातल्या चाकावरून वाद

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)
शाळेत दाखवायला शंकरपटाचं (बैलजोड्यांच्या शर्यतीचं) जुनं फ्लॅश ॲनिमेशन दुरुस्त करतोय. फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्ट २ या भाषेतलं आहे. फ्लॅश प्लेअर २०२० संपता संपता बंद झाला, म्हणून रफल या फ्लॅशच्या फाइली चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालवतो. छकड्याच्या क्लिपमध्ये चाकाची क्लिप, आणि चाकात मीच कधीकाळी लिहून ठेवलेलं : 'रूट.छकडा१.वेग' इतकं फिर. रूट म्हणजे सगळ्यात वरची, मुख्य क्लिप. छकड्याची नक्कल करून दुसरी जोडी उभी केली. ती थांबवली तरी तिचं चाक गरगर फिरतंच! ते पहिल्याच छकड्याचा वेग वाचत होतं. 'पॅरेंट.वेग' केलं (पॅरेंट म्हणजे चाक ज्या क्लिपमध्ये आहे ती), तेव्हा चाकं आपापल्या छकड्याचं ऐकू लागली. रूटपासून पत्ता लिहिणं हा निव्वळ आळस आहे.

पऱ्हाटीवाला
आळस काऊन भाऊ? सातबाऱ्यावर गट नंबर असते, 'पाटलाच्या धुऱ्याले लागून' असं नसते लिहिलं. मी चाकं आसाच्या क्लिपमंधी घातली तं पॅरेंट म्हणजे आस झाला. आसाले वेगच नाही. चाक उभं. एरर बी नाही, काई नाही! दोन घंटे गेले.

धुऱ्यावरचा
मग पॅरेंट दोनदा लिहायचं.

पऱ्हाटीवाला
अन् उद्या तीनदा. मोजत बसा बाप्पा.

बोडीकाठ (भंडारा)
गट नंबर गावापुरताच असतो हो. शेजारच्या गावात तोच नंबर भलत्याचं वावर! मी पटाची फाइल मेनूच्या फाइलमध्ये लोड केली, तर रूट म्हणजे मेनू झाला आणि पट ठप्प. फ्लॅश प्लेअर ७ पासून लॉकरूट आहे, लोड केलेल्या फाइलचा रूट तिच्यापुरताच ठेवणारी सोय; ते ट्रू करा. ॲक्शनस्क्रिप्ट ३ मध्ये लोड केलेल्या फाइलचा रूट तिचा तिलाच असतो, तिथे ही भानगड नाही.

धुऱ्यावरचा
लॉकरूटनं मेनूतून पट सुरू होईल, मान्य. पण माझं दुसरं चाक त्यानं सुधारलं नसतं. घड्याळ मात्र मी रूटवरच ठेवलंय, पटाला ते एकच असतं.

पऱ्हाटीवाला
हे कबूल केलं ना! आता माह्या आसाचं सांग.

धुऱ्यावरचा
चाकाला वर विचारायलाच लावू नको. छकड्यातूनच 'आस.चाक' फिरव.

पऱ्हाटीवाला
अन् आस काढला तं?

धुऱ्यावरचा
तर छकड्यातली तेवढी ओळ बदल. चाकाला हात लावायचं काम नाही.

पऱ्हाटीवाला
पाहतो. लाइन आली की.