फिशर: शौचानंतरची कळ तीन-तीन तास थांबत नाही, स्नायू सैल करायला नेमकं कुठलं औषध?

फोंड्याची_लेक

नमस्कार. वडिलांसाठी विचारतेय. वय ५८, पाच आठवड्यांपासून फिशर, म्हणजे गुदद्वाराला चीर. सर्जननी तपासलंय, चीर मागच्या बाजूला बरोबर मध्यावर आहे. शौचाच्या वेळी चिरल्यासारखं दुखतं, मग पाच-दहा मिनिटं बरं वाटतं आणि त्यानंतर आतून मूठ आवळावी तशी कळ सुरू होते, ती दोन-तीन तास. डिल्टियाझेम २ टक्के जेल दिवसातून दोनदा, दहा दिवस झाले. पाठ आखडली की घेतात ती क्लोरझोक्साझोनची गोळीही शेजारच्यांच्या सांगण्यावरून चार दिवस घेतली, काहीच फरक नाही. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम रोज चालू आहे.

पोटातून घ्यायची स्नायू सैल करणारी दुसरी एखादी गोळी आहे का? जेल किती आणि नेमकं कुठे लावायचं? आणि दहा दिवसांत गुण नाही म्हणजे औषध लागूच पडत नाही, असं समजायचं का?

सर्जरी_ओपीडी

पाठीची गोळी आधी बंद करा. पाठीचा स्नायू आपल्या इच्छेने हलतो, क्लोरझोक्साझोन किंवा थायोकोल्चिकोसाइड त्या जातीच्या स्नायूंसाठी. फिशरमध्ये आखडतो तो गुदद्वाराचा आतला वळ्यासारखा स्नायू, आणि तो आतड्याच्या जातीचा, आपल्या ताब्यात नसलेला. या गोळ्या त्याला सैल करत नाहीत, नुसती गुंगी येते. शिवाय अशा बहुतेक गोळ्यांत अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. अ‍ॅसिक्लोफेनॅकने रक्तदाब वाढू शकतो, म्हणजे तुमच्या वडिलांना ती दुहेरी नको. पोटात कळ येते तेव्हा घेतात ती डायसायक्लोमिनचीही नको, तिने मलावरोध होतो. ट्रामाडॉल, कोडीन यांचंही तेच.

हा आतला स्नायू आवळला की चिरेकडे जाणारं रक्त कमी पडतं. रक्त नाही म्हणून चीर भरत नाही, चीर भरत नाही म्हणून दुखतं, दुखलं की स्नायू पुन्हा आवळतो. डिल्टियाझेम हे चक्र तोडतं, पण ते त्या जागी लागलं पाहिजे. डिल्टियाझेम पोटातूनही देता येतं, पण त्यात रक्तदाब उतरणं, डोकं दुखणं, पाय सुजणं जास्त, आणि अम्लोडिपिन चालू असताना तर मुळीच स्वतःहून सुरू करू नये.

लावण्याची पद्धत सविस्तर लिहितो, कारण औषध फुकट जातं ते बहुतेक इथेच. शौच झाल्यावर जागा नुसत्या पाण्याने धुवा, साबण नाही. मग पसरट टबात कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं बसवा. पाणी कोपर बुडवून पाहा, सुखाने सहन झालं पाहिजे. मधुमेह असेल तर आणखी जपून, कारण भाजलेलं कळत नाही. पाण्यात डेटॉल, तुरटी, पोटॅशियम परमँगनेट काही घालू नका, त्याने कातडी कोरडी पडून आणखी चिरते. मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका. हातमोजा किंवा बोटाची रबरी टोपी घालून वाटाण्याएवढं जेल घ्या आणि गुदद्वाराच्या कडेभोवती व कडेच्या जेमतेम आत, अर्धा ते एक सेंटिमीटर, हलक्या हाताने लावा. बोट खोल घालायचं नाही. चिरेवरच दाबून चोळायचंही नाही, औषध स्नायूच्या वळ्यासाठी आहे. दुसरी वेळ रात्री झोपताना.

नुसतं बाहेर लेप दिला तर गुण कमी येऊ शकतो. खूप आत ढकललं तर चीर पुन्हा उघडते.

दहा दिवस म्हणजे सुरुवात. कळेचा वेळ साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कमी होऊ लागतो, तीन तासांचा तास होतो, तासाची वीस मिनिटं. चीर भरायला सहा ते आठ आठवडे. दुखणं थांबलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात जेल सोडतात आणि महिन्याभरात परत येतात, असं फार होतं.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, यकृताचा त्रास नसेल तर. शौचाच्या अर्धा तास आधी घेतली तर जास्त उपयोगी. लिग्नोकेन जेली शौचाआधी पाच-दहा मिनिटं लावता येते. त्याने जागा बधिर होते, स्नायू सैल होत नाही, तेव्हा ती जेलच्या ऐवजी नव्हे.

फार्मसी_म्हापसा

वरचं बरोबर, औषधांबद्दल थोडी भर. डिल्टियाझेमने काहींना लावल्या जागी खाज सुटते, लाल होतं. तसं झालं तर डॉक्टरांना दाखवा, खाजेवर दुसरं मलम चोपडू नका. अम्लोडिपिन त्याच कुळातलं औषध आहे. जेलमधून रक्तात फार थोडं जातं, तरी उठताना चक्कर आली तर रक्तदाब मोजा आणि डॉक्टरांना कळवा.

काही डॉक्टर नायट्रोग्लिसरीनचं मलम देतात, ०.२ किंवा ०.४ टक्के. तेही स्नायू सैल करतं, पण डोकेदुखी बरीच होते. उघड्या बोटाने लावलं तर बोटातूनही शोषलं जातं, म्हणून हातमोजा हवाच. बसून किंवा पडून लावावं, पडूनच थोडा वेळ थांबावं. आणि एक गोष्ट संकोच न करता विचारा: सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल (लैंगिक ताठरतेच्या गोळ्या) घेत असतील तर नायट्रोग्लिसरीन अजिबात नको. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. वडील मुलीला हे सांगणार नाहीत, तेव्हा डॉक्टरांनाच एकट्यात विचारू द्या.

उन्हाळ्यात ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. नायट्रोग्लिसरीन उडून जातं, झाकण घट्ट हवं, आणि उघडल्यापासून आठ आठवड्यांनी टाकून द्यायचं. निफेडिपिनचं मलम (हेही फिशरला देतात) असेल तर उजेडात खराब होतं.

‘पाइल्सचं मलम’ म्हणून काउंटरवर मिळतं त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आठवडाभराच्या वर लावलं तर कातडी पातळ होते, फिशरला ते उलटंच.

कुळागर

मल घट्ट राहिला तर कुठलंच जेल पुरं पडणार नाही. इसबगोल रात्री एक चमचा, मोठा पेलाभर पाण्यात, वरून आणखी एक पेला. चार दिवसांनी दोन चमचे. पहिल्याच दिवशी दोन घेतले तर पोट फुगतं, आणि पाणी कमी पडलं तर मल मऊ होण्याऐवजी गच्च होतो. रोजच्या गोळ्यांपासून एक-दोन तास लांब ठेवा. एवढ्याने भागलं नाही तर लॅक्टुलोज १५ मिलिलिटर रात्री, डॉक्टरांना विचारून. सोनामुखीची चूर्णं टाळा. पातळ जुलाबही चिरेला झोंबतात आणि दिवसातून चार वेळा तीच जागा ताणली जाते.

आपल्या जेवणात नुसतं हुमण (माशाची आमटी) आणि भात असेल तर चोथा जवळजवळ नसतोच. मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई, दुपारी तांबडी भाजी (लाल माठ), अळसांदे (चवळी) किंवा मुगाचं तोणाक (रस्सा), पावसात तवसं (काकडी). हुमणातलं तिखट चीर पाडत नाही, पण बाहेर पडताना आग करतं, महिनाभर मिरची निम्मी करा. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंच पाट, आणि पाच मिनिटांच्या वर बसून कुंथायचं नाही.

फोंड्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. जेल बाहेरूनच लावत होते, आतपर्यंत जातच नव्हतं. आठ आठवडे नीट करूनही भरलं नाही तर सरळ ऑपरेशन का? बोटॉक्सबद्दल ऐकलंय.

सर्जरी_ओपीडी

मधला मार्ग तोच आहे. आतल्या स्नायूत बोट्युलिनमची (बोटॉक्सची) सुई देतात, स्नायू दोन-तीन महिने सैल राहतो आणि तेवढ्यात चीर भरते. काहींना त्या काळात वारा धरून ठेवता येत नाही, ते आपोआप जातं. ऑपरेशनमध्ये त्याच स्नायूचा थोडा भाग बाजूने कापतात. दहातले नऊहून जास्त बरे होतात, पण ताबा कमी होण्याचा थोडा धोका कायमचा असू शकतो, म्हणून आधी औषध पुरतं करायचं. दोन्हींसाठी बांबोळीच्या गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) सर्जरीत विचारता येईल.

वय ५८ आहे आणि रक्त पडत असेल, तर ते फिशरचंच आहे असं धरून चालू नका. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) कधी करायची हे सर्जनना याच भेटीत विचारा. ताप आला, शौचाशी संबंध नसलेला सततचा ठणका लागला, बाजूला सूज आली किंवा लघवी अडली, तर आठ आठवड्यांची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. तो गळू असू शकतो, त्यावर जेल चालत नाही.