मदत हवी आहे : रॉचडेल टाउन हॉलच्या काचचित्रांतील क्रॉमवेल

सप्रेम नमस्कार. इंग्लंडमधील रॉचडेल येथील टाउन हॉलविषयी मी एक टिपण लिहीत असून त्यासाठी जाणकारांचे साहाय्य हवे आहे. वास्तुरचनाकार विल्यम क्रॉसलँड यांनी उभारलेली ही इमारत 1871 मध्ये खुली झाली. तिच्या मोठ्या सभागृहातील रंगीत काचेच्या खिडक्यांत विजेता विल्यमपासून पुढचे इंग्लंडचे राजे आणि राण्या चितारलेल्या आहेत. मात्र याच रांगेत ऑलिव्हर क्रॉमवेलही आहे, आणि माझे घोडे नेमके तिथेच अडले आहे. पहिल्या चार्ल्सचा 1649 मध्ये शिरच्छेद झाल्यानंतर सत्तेवर आलेला, पण मुकुट नाकारणारा हा माणूस राजांच्या पंगतीत कसा बसवला गेला? 1844 मध्ये सहकारी भांडाराचा पाया घालणाऱ्या या गिरणगावाच्या राजकीय वृत्तीचा हा परिणाम असावा, असा माझा अंदाज आहे. त्याला पुष्टी देणारे किंवा तो खोडून काढणारे समकालीन लेखन कोणाच्या वाचनात आले आहे काय?

दुसरी शंका भाषेची. क्रॉमवेलच्या ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ या पदासाठी ‘राज्यरक्षक’ हा शब्द योग्य ठरेल का? ‘संरक्षक’ मला फारच मोघम वाटतो.