साइडकारसाठी कोणता स्प्रॉकेट बदलू?

प्रश्न: माझ्या बीएसए एम२० या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलला (४९६ सीसी, साइडव्हॉल्व्ह म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं इंजिन) साइडकार जोडली आहे. सपाटीवर गाडी मस्त ओढते. चढ लागला की टॉप गिअरमध्ये दम सोडते आणि थर्डमध्ये इंजिन नुसतं ओरडतं. इंजिनाचा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) लहान करू की गिअरबॉक्सचा? एवढं जुनं इंजिन, त्याला त्रास नको.

उत्तर १: इंजिनाचा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत हीच रीत होती. आधी दात मोजा. समजा १८ आहेत आणि १६ चा लावलात, तर त्याच वेगाला इंजिन साडेबारा टक्के जास्त फिरेल. टॉप स्पीडचा मोह सोडा, साइडकारला ओढ हवी. प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लचकडे जाणारी) सैल पडेल, म्हणून गिअरबॉक्स मागे सरकवा आणि मग मागची चेनही ताणा. हा क्रम उलटा करू नका.

उत्तर २: क्लचचं कोणी बोललंच नाही! इंजिनाचा स्प्रॉकेट लहान केला की क्लचवर आणि गिअरबॉक्सवर येणारा टॉर्कही (फिरवण्याचा जोर) त्याच प्रमाणात वाढतो. प्लेट्स झिजलेल्या असतील तर चढावरच घसरतील. मी असतो तर गिअरबॉक्सचा स्प्रॉकेट बदलला असता. मागची चेन थोडी लवकर झिजते, पण क्लच वाचतो. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर मात्र तो वेग जास्त दाखवेल.

प्रश्नकर्ता: क्लचचा मुद्दा पटला. आधी प्लेट्स उघडून बघतो. ठीक निघाल्या तर इंजिनाचाच बदलीन, आणि सुरुवातीला एकच दात कमी करीन.